सोळावा होकार

१

ज्या घरात पाव उपडा करून त्याच्या पाठीवर सुरीच्या टोकाने क्रूस ओढल्याशिवाय कुणाला तुकडा मिळत नसे, त्या घरात लेओंतीनने माझ्या डोळ्यांदेखत पाव छातीशी धरला आणि सरळ कापला. क्रूस नाही, काही नाही. तुकडा माझ्यापुढे सरकवून तिने विचारलं, "मास्तरीणबाई, चीज देऊ थोडं?"

मी खानेसुमारीचा अर्ज न्यायला गेले होते. साल पंचाहत्तर, महिना फेब्रुवारी, गुडघाभर बर्फ. फोंब्रूसमध्ये मास्तरीण तीच मेयरच्या कचेरीची चिटणीस, आणि माणसं मोजायची वेळ आली की मोजणारीही तीच. खुर्च्या तीन, बूड एकच.

कायरोलांचं घर गावाच्या अगदी डोक्यावर आहे. चढ चढताना माडीच्या खिडकीत म्हाताऱ्या आशिल कायरोलची काळी हॅट मला दिसली होती. हिवाळाभर सगळ्या गावाला ती तशीच दिसत होती. आशिल चौऱ्याऐंशीचा, छातीच्या दुखण्याने खोलीबाहेर पडत नाही, खिडकीशी बसून गावाला मनातल्या मनात शिव्या घालतो, अशी सगळ्यांची समजूत. वर जाऊन विचारपूस करायची हौस कुणालाच नव्हती, कारण भांडण हा आशिलचा जन्मभराचा जोडधंदा होता. तोंडभर बोलायचा तो फक्त आपल्या मधमाश्यांशी.

लेओंतीन त्याची कामवाली. अनाथालयातून तेराव्या वर्षी या घरात आली, त्याला चाळीस वर्षं झाली. मालकांना भेटते म्हटलं तर ती जिन्यासमोर उभी राहिली. मालक झोपलेत, उठवलं तर बूट फेकून मारतात, म्हणाली. अर्ज भरून तयार होता. कुटुंबप्रमुख आशिल कायरोल, आणि खाली त्याची कोयत्यासारखी वाकडी सही.

मी पाव खाल्ला, आभार मानले आणि उतरायला लागले. पण तो पाव काही घशाखाली नीट उतरला नव्हता. बारा वर्षांपूर्वी आशिलचा पाय मोडला होता, दोन महिने तो अंथरुणात होता. तेव्हा लेओंतीन प्रत्येक नवा पाव जिना चढून त्याच्याकडे न्यायची, तो झोपल्या झोपल्या क्रूस ओढायचा आणि मगच घरात सुरी चालायची. मी ते स्वतः पाहिलं होतं. क्रूस घरच्या कर्त्याने ओढायचा असतो. कर्ता वर खोलीत असताना लेओंतीनने पावाला सुरी लावली नसती, तिचा हात तुटला असता तरी नाही.

म्हणजे वर कुणी नव्हतं. मग अर्जावरची सही कुणाची?

२

कचेरीच्या भिंतीवर माझ्या आधीच्या चिटणीसांनी एक कागद चिकटवून ठेवला होता, तो मीच पुढे भरत आले. १८४६ साली माणसं सहाशे चौदा. १९११ साली तीनशे सत्याऐंशी. १९२१ साली दोनशे एकाहत्तर. त्या दोन आकड्यांच्या मधली माणसं महायुद्धात गेली, त्यांची नावं चर्चसमोरच्या दगडावर कोरलेली आहेत, माझे आजोबाही त्यांत आहेत. १९४६, एकशे बावन्न. १९६८, अठ्ठावन्न. पंचाहत्तरला एकोणचाळीस भरत होते, आशिलला धरून.

एरवी एक म्हातारा कमी की जास्त, याने काही आभाळ कोसळलं नसतं. पण त्या वर्षी कोसळणार होतं. एका पाण्याच्या कंपनीला आमच्या दरीत धरण बांधायचं होतं. चर्च, शाळा, कबरस्तान, सगळं पाण्याखाली. राहणाऱ्या प्रत्येकाला खाली सपाटीवर नवं घर, तहहयात. गाव दुभंगलं. शेवटी मेयर फुल्क्रां बेसिएर यांनी तोडगा काढला: गावात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाने आपलं मत सही करून लिफाफ्यात द्यायचं. निम्म्याहून जास्त होकार आले तरच पंचायत मान्यता देईल, नाहीतर कंपनीने आपला रस्ता धरायचा.

आधीच्या नोव्हेंबरच्या तीस तारखेला मी आणि मेयर यांनी मिळून लिफाफे फोडले. एकतीस मतं. पंधरा नकार, त्यांत माझा आणि मेयरांचाही. सोळा होकार. सोळावा आशिल कायरोलचा होता. कंपनीच्या मोजणीदारांवर ज्याने बंदूक रोखली होती, तो आशिल! गाव महिनाभर त्याच्या नावाने थुंकलं, आणि सही बघून मीही थुंकले.

आता पहिल्या मार्चला पंचायत शेवटच्या कागदावर शिक्का मारणार होती. माझ्याकडे सोळा दिवस होते. आशिलने ते मत दिलंच नसेल, तर माझं गाव वाचत होतं. दिलं असेल, तर माझ्या आईबापांच्या कबरीवर होड्या फिरणार होत्या.

त्याच दुपारी मेयर कचेरीत आले. फुल्क्रां बेसिएर तेव्हा सत्तरीचे, विधुर, मुलं शहरात. चोवीस वर्षं मेयर, आणि माझा त्यांच्यावर बापासारखा जीव. त्यांना मी पावाची गोष्ट सांगितली. त्यांनी स्टोव्हवर हात शेकत ऐकून घेतलं.

"लेओंतीनचं वय झालं, पोरी. विसरली असेल."

"त्रेपन्न म्हणजे वय झालं का?"

"या गावात झालं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आशिल झोपलेलाच बरा. त्याला कशाला डिवचतेस?"

बाहेर पडताना ते भिंतीवरच्या कागदापाशी थोडा वेळ उभे राहिले. त्यांचं ते नेहमीचंच होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

३

पहिला संशय मी फिर्मांवर घेतला. फिर्मां आशिलचा एकुलता मुलगा, शहरात मालवाहू गाड्यांचा धंदा, बापाशी वीस वर्षं अबोला. शेत विकायला टपलेला, असं सगळे म्हणत. मी त्याला फोन करून अर्जात एक रकाना राहिलाय अशी थाप मारली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला, आणि येऊन माझ्यावरच घसरला.

नाताळात तो बापाला भेटायला आला होता म्हणे. लेओंतीनने दारातूनच परतवलं. मालकांना तुमचं तोंड बघायचं नाही, असा निरोप दिला.

"मला वाटलं, खरंच बोलला असेल," फिर्मां म्हणाला. "शोभतं ते त्याला."

मी आडून आडून विचारलं की बाबा त्याला शेवटचे कधी दिसले, आणि त्यांनी धरणाला होकार दिला याचं नवल वाटलं का. तो हसला.

"सरळ विचारा ना मास्तरीणबाई, बापाला मी गाडला का म्हणून. अहो, बाप मेला असता तर मी आधी नोंद करून घेतली असती. मेल्याशिवाय शेत माझं होत नाही. त्याला कागदावर जिवंत ठेवून माझं काय भलं?"

माणूस उद्धट होता, पण बोलला ते शंभर टक्के बरोबर. मृत्यू लपवण्यात त्याचा तोटाच होता. जाताना त्याने वर डोंगराकडे बोट दाखवलं आणि म्हणाला की शेत हातात आलं की पहिल्यांदा त्या माश्यांच्या पेट्या पेटवून देणार, लहानपणी बापाचे सगळे लाड त्यांनीच खाल्ले.

सोमवारी पाववाला ग्राल त्याची गाडी घेऊन आला. आठवड्यातून दोनदा तो घरोघरी पाव टाकतो, त्यामुळे कुणाच्या घरात किती तोंडं चालतात ते त्याच्याइतकं मेयरलाही ठाऊक नसतं. कायरोलांकडे अजून पूर्वीइतकाच मोठा पाव जातो का, मी विचारलं.

"तेवढाच जातो," ग्राल म्हणाला. "पण कोंबड्या बघा तिच्या. लठ्ठ झाल्यात नुसत्या, हिवाळ्यात. म्हातारा काय कोंबड्यांना पाव भरवतो का? एका कवडीचं पीठ सांडलं तर जीव जायचा त्याचा."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथे कोंबड्यांनीच उजाडून दाखवलं होतं. मी राहिलेल्या रकान्याचं निमित्त करून तशीच चढ चढले. माडीवर हॅट होतीच. लेओंतीनने मला बसवलं, नवा पाव आणला, आणि माझ्याकडे बघत बघत तो उपडा केला. सुरीच्या टोकाने तिने भलामोठा क्रूस ओढला. मग मान वर करून ती म्हणाली, "मालकांनी सांगितलंय, आता मीच ओढायचा."

मी मान डोलावली आणि पाव खाल्ला. काहीतरी खटकलं होतं, पण काय, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

४

घरामागून एक पायवाट वर जाते. चेस्टनटच्या पोखरलेल्या ओंडक्यांच्या अकरा मधपेट्या तिथे भिंतीला टेकून ओळीने उभ्या आहेत, प्रत्येकीच्या डोक्यावर सपाट दगड. लेओंतीन तिथे जात नाही. एका उन्हाळ्यात तिला तीन माश्या चावल्या आणि तोंड इतकं सुजलं की पाद्रीबाबांना बोलावणं गेलं होतं. तेव्हापासून ती पेट्यांच्या पन्नास पावलांत फिरकलेली नाही.

मी तिथे का गेले? कारण आमच्याकडे लोक पाद्र्याशी खोटं बोलतात, फौजदाराशी खोटं बोलतात, एकमेकांशी तर श्वास घ्यावा तसं बोलतात. पण मधमाश्यांशी कुणी खोटं बोलत नाही. घरधनी मेला की कुणीतरी जाऊन पेटीवर तीनदा टकटक करायची, माश्यांना सांगायचं, आणि प्रत्येक पेटीला काळं कापड लावायचं. नाही सांगितलं तर त्या उन्हाळ्यापर्यंत मरतात, नाहीतर निघून जातात. मी विज्ञान शिकवते. तरीही माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या दोन पेट्यांना सांगायला गेले होते.

पहिल्या पेटीवरचा बर्फ मी हाताने झाडला. दगड उचलला. खाली बोटभर रुंदीचं काळं कापड होतं, ओलं, कडा विटलेल्या. दुसऱ्या पेटीवर तेच. अकराच्या अकरा पेट्या सुतकात होत्या.

तर आशिल गेला होता. मला रडू आलं. भांडखोर होता, पण मत विकणारा नव्हता, आणि मी त्याच्या नावाने थुंकले होते.

मग मी डोकं चालवायला लागले. माश्यांना कुणी सांगितलं? लेओंतीन इथे येत नाही. फिर्मां आला असता तर आगपेटी घेऊन. ज्याने हे बांधलं, त्याला आशिल मेल्याचं माहीत होतं, ते त्याने जगापासून लपवलं होतं, आणि तरीही माश्यांना फसवायची त्याची छाती झाली नव्हती. असा माणूस आमच्यातलाच, आणि माश्या पाळणारा.

अकराव्या पेटीवरचा तुकडा मी उन्हात धरला. एका टोकाला शिवण होती. बारीक, उलटी टीप, जांभळ्या दोऱ्याची.

ती शिवण माझी होती.

५

दगडावर बसून मी मागचा शरद ऋतू पहिल्यापासून आठवला.

अकरा नोव्हेंबरला, महायुद्ध संपल्याच्या दिवशी, आम्ही हुतात्म्यांच्या दगडापाशी झेंडा नेतो, त्याला काळी फीत बांधतो, ही आमच्या गावाची रीत. ती फीत कचेरीच्या कपाटात असते. उन्हाळ्यात तिचा काठ उसवला होता, घरात काळा दोरा नव्हता, म्हणून मी जांभळ्याने शिवला. अकरा तारखेला सकाळी कपाट उघडलं तर फीत गायब. उंदरांनी नेली असेल म्हणून मी कोटाचं अस्तर फाडून वेळ मारून नेली. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे.

म्हणजे अकरा नोव्हेंबरच्या आधीच माश्यांना सुतक लागलं होतं. आणि आशिलच्या होकारावरची तारीख होती अठ्ठावीस नोव्हेंबर.

मग क्रूस. पावाबद्दल मी साऱ्या गावात एकाच माणसाला बोलले होते, आणि चार दिवसांनी लेओंतीनने माझ्यासमोर मुद्दाम क्रूस ओढला. तिला कुणीतरी शिकवलं होतं. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं ते. गप्प राहिला असता तर माझ्या हातात नुसता एक पाव होता.

उतरताना लेओंतीन दारात उभी होती. माझ्या हातातलं कापड तिने पाहिलं. एवढे महिने जिने ताकास तूर लागू दिली नव्हती, ती पायरीवर बसली.

"मालक गेल्याचं कळलं असतं तर फिर्मांने मला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं असतं," ती म्हणाली. "धरण झालं तर मला माझं घर मिळणार होतं. माझ्या नावाचं. कुणाच्याही नावाचं घर नव्हतं मला कधी, मास्तरीणबाई."

मी तिला नाव विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. नुसती खाली कबरस्तानाकडे बघत राहिली, म्हणून मी तिकडून गेले. सर्व संतांच्या सणाला ठेवलेल्या शेवंतीच्या कुंड्या अजून तिथे होत्या, गोठून काळ्या पडलेल्या. प्रत्येक कबरीवर एक. बेसिएर घराण्याच्या कबरीवर मेयरांच्या बायकोसाठी दरवर्षी एकच कुंडी असते. यंदा दोन होत्या.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मेयर कचेरीत आले तेव्हा मी टेबलावर तो तुकडा ठेवला होता. शेजारी माझी किल्ली. त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला, आणि खिशातून आपली किल्ली काढून माझ्या किल्लीशेजारी ठेवली.

"शिवण बघितली नाही मी," ते म्हणाले.

"पुरुषांना शिवण कुठे दिसते?"

ते थोडे हसले. मग सांगायला लागले, आणि मी अडवलं नाही. सत्तावीस ऑक्टोबर, रविवार. दोघांच्या पेट्यांना हिवाळ्याआधी पेंढा बांधायचा होता, ते आशिलकडे दोरी मागायला चढले. आशिल शिडीवरून पडलेला होता, पेट्यांच्या भिंतीखाली, कंबर मोडलेली. शुद्धीवर होता. लेओंतीन दुपारच्या प्रार्थनेला गेली होती. डॉक्टर आण, आशिल म्हणाला.

"मग?"

"मग मी त्याच्याशेजारी बसलो. हात धरला त्याचा. त्याने शिव्या दिल्या, मग माश्यांचं काहीतरी बोलला, मग थंडी वाजते म्हणाला. माझा कोट घातला त्याच्या अंगावर. उठायला हवं होतं मला. दर घटकेला म्हणत होतो, आता उठतो." त्यांनी हात पालथे करून बघितले. "दिवस मावळेपर्यंत होता तो."

मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या माणसाने मला झेंडा धरायला शिकवलं, तो एका म्हाताऱ्याचा हात धरून त्याच्या मरणाची वाट बघत बसला होता.

नंतर ते कचेरीत आले होते. मृत्यूची नोंद करायलाच आले होते, असं शपथेवर म्हणाले. कपाट उघडलं, नोंदवही हातात घेतली, आणि परत ठेवली. तिच्या खाली फीत होती, ती घेतली. तीन दिवसांनी गाव बाजाराला गेलं असताना लेओंतीनच्या मदतीने त्यांनी आशिलला आपल्या घराण्याच्या कबरीत ठेवलं. स्वतःसाठी राखलेल्या जागेत. प्रार्थना त्यांनीच म्हटली. हॅट खिडकीत लेओंतीनने ठेवली, सह्या दोन्ही त्यांनी केल्या.

"आणि तुमचा नकार? तुम्ही तर माझ्याबरोबर नकार दिलात."

"हो."

"आशिलची नोंद केली असती तर तीस मतं राहिली असती. पंधरा आणि पंधरा. तुम्ही स्वतः हो म्हटलं असतंत तर सोळा सरळ झाले असते. कुणाचा मुडदा लपवायची गरज नव्हती."

"माझ्या सहीने फोंब्रूस बुडालं, असं कुणी वाचायला नको होतं मला," ते म्हणाले. "आशिल तसाही कुणाला आवडत नव्हता."

हेच मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही. मारलं ते एक वेळ बाजूला ठेवू. गाव बुडवायचं आणि बोट दुसऱ्याच्या नावाकडे दाखवायचं, तेही मेलेल्याच्या.

मी विचारलं, का. ते उठून भिंतीवरच्या कागदापाशी गेले. सहाशे चौदापासून बोट खाली आणलं आणि एकोणचाळीसच्या खालच्या कोऱ्या जागेवर टेकवलं.

"इथे एक दिवस एक येणार. कधी विचार केलास? त्या एकाला दाराशी पडलेलं कोण बघणार? त्याला पुरणार कोण, घंटा कोण वाजवणार? चोवीस वर्षं मी हा आकडा बघतोय, पोरी. मला वाटलं, सगळे एकदम उठू, एकत्र खाली जाऊ. कुणी शेवटचं उरायला नको."

"आशिल एकटाच उरला होता तिथे, भिंतीखाली. आणि तुम्ही होतात."

मी फोन उचलला तेव्हा त्यांनी कोट घातला, आणि फौजदार येईपर्यंत माझ्या वर्गातल्या पोरांच्या बाकावर जाऊन बसले.

७

आशिलला त्याच्या आईबापांशेजारी ठेवलं. होकार पंधरा आणि नकार पंधरा झाले, कंपनीचे लोक उन्हाळ्यापर्यंत खुंट्या उपटून गेले. अर्जावर मी आशिलचं नाव खोडलं आणि भिंतीवर अडतीस लिहिलं. गावाने मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी त्या रात्री जेवले नाही.

लेओंतीनला कोर्टाने सोडलं. फिर्मांने तिला खरंच दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं, तेव्हा मी तिला माझ्या घरी आणलं. पेट्या त्याने जाळल्या नाहीत. मास्तरीणबाई, हे तुमचे साक्षीदार, म्हणून हसत माझ्या हवाली केल्या. मेयर दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगाच्या दवाखान्यात वारले. त्यांना इथेच आणलं, आशिलने रिकाम्या केलेल्या जागेत. त्यांच्या पेट्यांना मी सांगून आले. काळी फीत लावली, शिवण आतल्या बाजूला ठेवून.

ब्याऐंशीला बावीस होते. शाळा त्याच्या आदल्या वर्षी बंद झाली. नव्वदला नऊ. लेओंतीन त्र्याण्णवच्या थंडीत गेली, माझ्या स्वयंपाकघरात, पाव कापता कापता. क्रूस ओढून झाला होता.

यंदा, नव्याण्णवच्या मार्चमध्ये, खाली गावातली एक बाई गाडीने अर्ज घेऊन आली. घरात किती माणसं, तिने विचारलं. एक, मी म्हटलं. मग तिने गावचा अर्ज काढला आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. लिहिताना तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. मी तिला कॉफी पाजली, मधाची बाटली दिली, आणि ती गेल्यावर कचेरी उघडून भिंतीवरच्या कागदावर एक लिहिलं. खाली आता जागा उरलेली नाही.

फुल्क्रां बेसिएर यांचा आकडा बरोबर आला. मी गाव वाचवलं, आणि ज्या एकाची त्यांना भीती वाटत होती तो एक मीच निघाले. रोज सकाळी झडपा उघडताना मला ते आठवतात, आणि रोज मी म्हणते, तरीही तुम्ही उठायला हवं होतं. टपालवाली मंगळवारी आणि शुक्रवारी येते. झडपा बंद दिसल्या तर आत ये, असं तिला सांगून ठेवलंय. घंटेची दोरीही दाखवलीये.

तिला माश्यांची मात्र भीती वाटते. म्हणून मागच्या रविवारी मी फितीचे अकरा तुकडे कापले, जांभळ्या दोऱ्याने काठ शिवले, आणि वर जाऊन एकेका दगडाखाली सरकवून ठेवले. प्रत्येक पेटीवर तीनदा टकटक केली आणि माझं नाव सांगितलं. त्या थोडा वेळ आत गुणगुणल्या, मग आपल्या कामाला लागल्या.